डांबर कधी सोडायचं : गावाकडच्या रस्त्यावर नव्यानं सायकल काढणाऱ्यांसाठी

सायकल घेऊन रस्त्यावर निघालात की पहिला आठवडाभर एकच प्रश्न ऐकावा लागेल. "काहून बाबूजी, गाडी बिघडली काय?" मी तालुक्याच्या कॉलेजात क्लार्क आहे, गाव तिथून ११ किलोमीटर. सहा वर्षांपूर्वी मोटरसायकल घरी ठेवून सायकलनं जायला लागलो, तेव्हा फाट्यावरच्या पानठेल्यावर माझी तब्येत, माझा पगार आणि घरचं भांडण या तिन्ही विषयांची चर्चा झाली. आमच्याकडं सायकलवर तीनच प्रकारची माणसं दिसतात. शाळेची पोट्टेपोट्ट्या, दुधाच्या कॅना लावून फिरणारे, आणि दुसरं काही घ्यायची ऐपत नसलेले. धडधाकट नोकरीवाला सायकलवर दिसला की काहीतरी बिनसलंय असंच लोक धरून चालतात.

हे आधी सांगायचं कारण, रस्त्यावर तुम्हाला जी वागणूक मिळते तिचं मूळ इथं आहे. ट्रकवाल्याला किंवा जीपवाल्याला तुमचा राग वगैरे काही नसतो. सायकलवाला म्हणजे बाजूला होणारा माणूस, एवढाच त्याचा हिशेब. लहानपणापासून त्यानं तेच पाहिलं आहे. हॉर्न वाजला की सायकल डांबर सोडते आणि साईडपट्टीवर उतरते. हेल्मेट घातलेला, गिअरची सायकल घेतलेला कुणी नागपूरहून फिरायला आला तर हाच ड्रायव्हर काच खाली करून "कुठून आले साहेब?" विचारतो, आणि पुढच्या वळणावर वैरणीचा भारा बांधलेल्या म्हाताऱ्याला हॉर्न मारून मारून खाली उतरवतो. नव्या माणसानं सगळ्यात आधी शिकायचं ते हेच : डांबर कधी सोडायचं आणि कधी काही झालं तरी सोडायचं नाही.

आधी रस्त्याची रुंदी बघा

किलोमीटरच्या दगडाचा माथा बघायची सवय लावा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर गावरस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले बरेच रस्ते या नारिंगी दगडांचे. अशा एकेरी रस्त्याचं डांबर साधारण ३.७५ मीटर रुंद असतं. ट्रक किंवा एसटी २.६ मीटरपर्यंत रुंद. राहिले १.१५ मीटर, त्यातले ६० सेंटिमीटर तुमचं हॅन्डल खातं. उरला जेमतेम अर्धा मीटर, तोही ट्रक पलीकडच्या काठाला अगदी चिकटून चालला तर. म्हणजे या रस्त्यावर मोठं वाहन आणि सायकल एका वेळी मावत नाहीत, असंच धरून चालायचं. दोन मोठी वाहनं तर मावतच नाहीत. एकाला दोन चाकं खाली घालावीच लागतात.

खाली कोण उतरणार याचा नियम कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. लहान्यानं उतरायचं. मोटरसायकल जीपसाठी उतरते, जीप एसटीसाठी, आणि सायकल सगळ्यांसाठी. कापसानं भरलेला ट्रॅक्टर कुणासाठीच उतरत नाही, कारण उतरला तर ट्रॉली कलंडते. म्हैसही कुणासाठी उतरत नाही, तिचं कारण तिलाच माहीत.

चौपदरी महामार्गाची गोष्ट वेगळी. वर्धा–यवतमाळ रस्ता चौपदरी झाल्यापासून पांढऱ्या पट्टीच्या डावीकडं डांबराची चांगली मीटर-दीड मीटर जागा मिळते. सायकलला ती राजमार्गासारखी आहे. फक्त तिथं समोरून उलट येणारे फार. दुभाजकातली फट लांब अंतरावर असते, म्हणून वावरात जाणारे मोटरसायकलवाले, ट्रॅक्टरवालेसुद्धा, तुमच्याच काठानं समोरून येतात. अशा वेळी मी थांबतो, एक पाय खाली टेकवतो आणि त्यालाच वळसा घालून जाऊ देतो. त्याला टाळायला उजवीकडं रस्त्यात शिरायचं नाही. मागून ताशी ८०नं येणाऱ्याला तुमचा हा बेत माहीत नसतो. समृद्धी महामार्गावर सायकल चालत नाही, मोटरसायकलही चालत नाही. तिकडं वळूच नका.

सायकलवर काय पाहिजे

दोन्ही ब्रेक, घंटी, मडगार्ड, मागं लाल लाईट. हे सगळे सांगतात. मी आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्यावर लोक हसतात : उजव्या हॅन्डलला आरसा लावा. मान वळवून मागं बघितलं की हॅन्डलही नकळत उजवीकडं वळतं, एखादा हात तरी. नेमकं जिकडून ट्रक येतो तिकडंच. आरशात स्वतःच्या कोपराची कड आणि मागचा लांबवरचा रस्ता, दोन्ही दिसले पाहिजेत. तो बसवायला दुकानदाराला दोन मिनिटं लागतात, आणि त्याची सवय व्हायला आपल्याला चार दिवस.

हेल्मेट सायकलला कायद्यानं सक्तीचं नाही. मी घालतो. त्याच्या खाली दुपट्टा बांधायचा असेल तर त्याची टोकं शर्टाच्या आत खोचा. मुलींच्या ओढणीचंही तेच. चेनमध्ये गेलेली ओढणी गळ्याला फास कसा लावते ते मी एकदा पाहिलं आहे. आमच्या गावच्या शिंप्याला कात्रीपेक्षा विळा लवकर सापडला म्हणून ती पोरगी वाचली.

कानात इअरफोन नको. कारण पुढं येतंच आहे.

चालायचं कुठून

नवा माणूस हटकून डांबराच्या अगदी काठावरून चालतो. त्याला वाटतं, जितकं कडेला तितकं सुरक्षित. उलटं आहे. काठ फुटलेला असतो, खाली साईडपट्टीशी वीतभर उंचीचा फरक असतो, आणि मुख्य म्हणजे काठावरच्या सायकलला बघून मागचा ड्रायव्हर ठरवतो की स्टिअरिंग न हलवता निघता येईल. मग तो हॅन्डलला घासून निघतो.

काठापासून दीड-दोन हात आत चाला. आता त्याला स्टिअरिंग फिरवावंच लागतं, आणि एकदा फिरवलं की माणूस जरा जास्तच फिरवतो. शिवाय तुमच्या हातात द्यायला काहीतरी राहतं. तो जवळ आला की तुम्ही हातभर डावीकडं सरका. त्याला दिसतं की ह्यानं जागा दिली. एवढ्याशा सरकण्यानं किती हॉर्न बंद होतात ते महिनाभर करून बघा. आधीच काठावर असलात तर द्यायला उरतंच काय? फक्त खाली पडणं.

सरळ रेषेत चाला हे सांगायला नको, पण सांगतो. खड्डा आला की ऐनवेळी वळू नका. लांबून बघा, आरशात बघा, मग हळूहळू रेषा बदला.

हॉर्नची भाषा

शहरातून बदलून आलेल्या माणसाला हॉर्न म्हणजे शिवी वाटते. इथं तसं समजू नका. लांबूनच एकदा वाजलेला छोटा हॉर्न म्हणजे "मी येतो आहे, तू दिसलास". त्याला मागं न बघता डावा हात जरासा उचलून उत्तर द्या. जवळ आल्यावर दोनदा तुटक वाजला तर तो बाजूनं निघतो आहे, हलू नका. आणि बोट न काढता दाबून धरलेला हॉर्न म्हणजे "मी वेग कमी करणार नाही, तुझं तू बघ". हा ऐकला की वाद घालायचा नाही. उतरायचं.

मला धास्ती असते ती हॉर्न न वाजवता येणाऱ्याची. त्यानं आपल्याला पाहिलं की तो मोबाईलवर बोलतो आहे, कळायला मार्ग नाही. म्हणून कान मोकळे पाहिजेत. ट्रकच्या टायरचा घुमणारा आवाज इंजिनच्या आधी ऐकू येतो. वारा समोरचा असेल तर मागचं काहीच ऐकू येत नाही; त्या दिवशी आरशावर भिस्त.

थोडा हिशेब. मागचं वाहन ताशी ६०नं येतंय, तुम्ही १५नं. फरक ४५, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. आरशात ते १०० मीटरवर दिसलं तर तुमच्याजवळ ८ सेकंद आहेत. ते ८०नं असेल तर साडेपाच. तेवढ्यात समोरून काय येतंय ते बघायचं, साईडपट्टी कशी आहे ते बघायचं आणि ठरवायचं. सवयीनं जमतं.

कधी उतरायचं, कसं उतरायचं

तीन प्रसंगी वाद न घालता उतरा. समोरून एक मोठं वाहन, मागून दुसरं, आणि दोघांची गाठ नेमकी तुमच्यापाशी पडणार असेल तेव्हा. दाबून धरलेला हॉर्न जवळ येत असेल तेव्हा. आणि समोरचा कुणाला तरी मागं टाकत तुमच्या बाजूला आला असेल तेव्हा. तो परत जाईल या भरवशावर राहू नका.

उतरताना वेग आधी कमी करा. काठाला समांतर घसरत उतरू नका, चाक काठात अडकतं आणि सायकल तुम्हाला रस्त्याकडं फेकते. हॅन्डल थोडं तिरकं करून ठामपणे उतरा, बूड सीटवरून किंचित उचलून. परत चढताना तर चालत्या सायकलवरून चढूच नका. थांबा, पुढचं चाक उचलून डांबरावर ठेवा, मागं बघा, मग निघा.

हे मी फुकट शिकलो नाही. दुसऱ्या वर्षी एका टिप्परसाठी उतरलो. तो गेला, धूळ खाली बसायच्या आत मी चालता चालता काठावर चढायला गेलो. पुढचं चाक काठाला घासत चार हात गेलं आणि मी उजव्या कोपरावर डांबरावर. नेमका मागून त्याच खेपेचा दुसरा टिप्पर. त्याचा ब्रेक लागला म्हणून हे लिहितो आहे. ड्रायव्हर वरून वाकून म्हणाला, "एक गेला म्हणजे संपले काय हो?" मला उठवायला तो खाली उतरला नाही, पण मी उठेपर्यंत थांबला. टिप्पर कधी एकटा येत नाही. पहिला गेल्यावर वीस आकडे मोजा.

आता, कधी उतरायचं नाही. मोरीवर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलावर, तर अजिबातच नाही. मोरीला साईडपट्टीच नसते, कठडा असला तर असतो. मोरीच्या आधी आरशात बघा. काही येत असेल तर अलीकडंच थांबा. येत नसेल तर डांबराच्या मधोमध या आणि मधूनच पार करा. आठ-दहा मीटरचा प्रश्न असतो. मागं कुणी आलंच तर त्याला तेवढं थांबू द्या. मी मधून चालतो म्हणजे तिथून कुणी घुसायचा मोहच करत नाही.

पाऊस पडून गेला असेल तेव्हाही उतरायचं नाही. साईडपट्टी मुरमाची असेल तर चालेल, पण काळ्या मातीची असेल तर चाक दहा फुटांत भरतं, मडगार्ड जाम होतं, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अशा दिवसांत आधीच, पक्की जागा बघून थांबायचं आणि मोठ्याला जाऊ द्यायचं.

आणि मोटरसायकलसाठी कधीच उतरू नका. ३.७५ मीटर तुम्हा दोघांना भरपूर आहे. एकदा का मोटरसायकलच्या हॉर्नला खाली उतरायची सवय लागली, की बाकीचा जन्म साईडपट्टीवरच जातो.

कोण कसा येतो

एसटीचा ड्रायव्हर सगळ्यात भरवशाचा, हे माझं सहा वर्षांचं मत. तो त्याच रस्त्यानं त्याच वेळी येतो, प्रवाशांनी भरलेली गाडी त्याला उगाच झटके देत नेता येत नाही. फक्त थांब्याच्या अलीकडं जपा : गाडी तुम्हाला मागं टाकते आणि पन्नास मीटरवर डावीकडं थांबते. तिच्या मागं थांबा. डावीकडून घुसलात तर उतरणारी एखादी आजी थेट तुमच्या हॅन्डलवर.

काळी-पिवळी आणि ऑटो यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि कडेच्या माणसांवर जास्त. झाडाखाली दोन माणसं उभी दिसली की त्यांना सवारी दिसते. तिथं ते हटकून डावीकडं कापणार. माणसं दिसली की तुम्ही आधीच हळू व्हा.

ट्रॅक्टरवाल्याला घंटी ऐकू येत नाही. इंजिनचा आवाज, वरून स्पीकर. कापसाच्या दिवसांत ट्रॉली चाकांच्या बाहेर दोन्हीकडं हात-हातभर फुगलेली असते, मागचे रिफ्लेक्टर झाकलेले असतात, आणि ड्रायव्हरला मागचं काहीही दिसत नाही. ट्रॉली नागमोडी हलते. तिला डावीकडून ओलांडायचं नाही, कधीच नाही. तुमचा वेग तिच्यापेक्षा जास्त असला तरी मागं मागं चाला, किंवा उतरून पाणी प्या. तीच ट्रॉली तुम्हाला ओलांडत असेल तर पुढचं इंजिन गेलं म्हणून आत सरकू नका. रुंद भाग अजून मागं आहे.

बंडीला घंटी वाजवू नका. बैल बुजतात. धुरकऱ्याला तोंडानं सांगा, "काकाजी, बाजूनं निघतो." तो बैलांना बोलतो, बैल सरकतात, तुम्ही निघता. सगळ्या रस्त्यावर एवढी सभ्य देवाणघेवाण दुसरी नाही. ढोरांचा कळप आला तर सरळ उतरून उभे राहा. त्यातून वाट काढायच्या भानगडीत पडू नका, ढोरकी वैतागतो आणि शेपटी तोंडावर बसते.

कुत्रा मागं लागला तर पळू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरा, चालायला लागा. बहुतेक कुत्र्यांना फिरणाऱ्या चाकाचा राग असतो.

मोटरसायकलवरचे पोट्टे. तीन तीन जण, हँडलवर एकानं मोबाईल बघायचा. कट मारून जातात, आणि शाळेच्या मुलींना बघून जास्त जवळून मारतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्यापासून सकाळी आमच्या रस्त्यावर त्यांच्या रांगा असतात, आणि त्या जोडीजोडीनं बोलत चालतात म्हणून ड्रायव्हर लोक त्यांच्यावर ओरडतात. मला विचाराल तर रिकाम्या रस्त्यावर जोडीनं चालण्यात काही गैर नाही, लांबून चांगल्या दिसतात. फक्त एक रीत ठेवा. सगळ्यात चलाख मुलगी सगळ्यात शेवटी. आरसा तिच्या सायकलला. ती "गाडी!" म्हणाली की सगळ्यांनी मागंपुढं होऊन एका रांगेत यायचं. आमच्याकडच्या सातवी-आठवीच्या मुली हे इतक्या झटकन करतात की बघत राहावं. कट मारणारे रोजचेच असतील तर गाडीचा नंबर लिहून शाळेत द्या. मुलीनं एकटीनं त्यांच्याशी तोंड लावायचं नाही. लगेच मदत पाहिजे तर ११२.

सावली बघा

संध्याकाळी परतताना सूर्य समोर असेल तर तुमची सावली मागं पडते. त्याचा अर्थ, मागून येणाऱ्याच्या डोळ्यात तेच ऊन आहे आणि तुम्ही त्याला दिसत नाही. सूर्य पाठीमागं असेल आणि सावली पुढं पडत असेल तर समोरचा आंधळा. साधा नियम : सावली ज्या दिशेला बोट दाखवते, त्या दिशेच्या वाहनाला तुम्ही दिसत नाही. त्या अर्ध्या तासात मी शक्यतो चहाच्या ठेल्यावर असतो.

रात्री समोरच्यानं अप्पर मारला की त्याच्या दिव्याकडं बघायचं नाही. डांबराचा डावा काठ बघत, हळू होत जायचं. काठच दिसेनासा झाला तर थांबायचं. काठाला पांढरी पट्टी असेल तर देवच पावला. मागचा लाल लाईट चमकणारा घ्या, आणि टायरच्या वर कॅरिअरला लावा, पिशवीनं झाकला जाणार नाही असा. हे लोक विसरतात.

मोसमाप्रमाणं

सोयाबीन निघालं की रस्त्यावर वाळत घातलेलं दिसेल, भोवती दगडं मांडलेले. दाणे छर्ऱ्यासारखे, त्यावर ब्रेक लागत नाही. उतरून ढकलत जा. संध्याकाळी सोयाबीन उचलतात, पण दगड तिथंच राहतात. अंधारात पुढचं चाक त्यांच्यावर जातं. शेतकऱ्याला खळं नाही म्हणून तो डांबर वापरतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

पावसाळ्यात पांदण, म्हणजे वावरात जाणारा कच्चा रस्ता, जिथं डांबराला मिळते तिथं ट्रॅक्टरच्या चाकांनी काळा चिखल आणून टाकलेला असतो. साबणापेक्षा निसरडा. तिथं वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, पेडल थांबवून सरळ निघायचं. बाभळीचे काटे आणि सराटे बारमाही. पंक्चरचं सामान आणि पंप बरोबर ठेवा.

मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूरचा पारा ४५च्या वर जातो. नऊच्या आत पोचा, नाहीतर संध्याकाळी निघा. दुपारी ड्रायव्हरही पेंगुळलेले असतात, हा त्यातला अधिक धोक्याचा भाग.

शहरात जायचं झालं तर

यवतमाळच्या दत्त चौकात किंवा अमरावतीच्या राजकमल चौकात प्रश्न रुंदीचा राहत नाही, गर्दीचा होतो. वेग कमी, म्हणून मार कमी. पण सगळे सगळीकडून येतात. उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीएवढं लांब चाला, कोण कधी दार उघडेल सांगता येत नाही. तुम्हाला ओलांडून लगेच डावीकडं वळणारे फार भेटतात, म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बोटं ब्रेकवर. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूला उभं राहू नका, तिथलं त्याला दिसत नाही. एक तर त्याच्या मागं, नाहीतर इतकं पुढं की काचेतून त्याचा चेहरा दिसेल. उजवीकडं वळायचं तर लाजू नका. सरळ पलीकडं जा, उतरा, पायी माणसासारखं ओलांडा.

शहरातल्या वाहनवाल्याला तुम्ही पुन्हा कधी भेटणार नसता. गावाकडं तसं नाही, आणि तोच आपला फायदा.

भांडण

चौथ्या वर्षी एका काळी-पिवळीवाल्यानं मला मोरीच्या तोंडाशी दाबलं. हॅन्डलला त्याच्या जीपचा मागचा कोपरा लागला. मी ओरडलो, काय ओरडलो ते इथं लिहीत नाही. जीप पुढं जाऊन थांबली. आत बारा माणसं, टपावर दोन. सगळे खाली बघतायत. त्यांतली एक आमच्या कॉलेजची मुलगी, आदल्या दिवशी तिला मी बोनाफाईड दिलं होतं. ड्रायव्हर उतरला, विशीतला पोट्टा. मला वाटलं आता हातघाई. तो म्हणाला, "पण बाबूजी, तुम्ही खाली काहून नाही उतरले?"

तो खरंच विचारत होता. त्याला माझं वागणं चुकलेलं वाटत होतं, जसं बैल आडवा झाला तर वाटेल. मी त्याला मोरीवर नेलं, साईडला काय आहे ते दाखवलं. खाली सात-आठ फुटांवर नाला, त्यात बेशरमाची झुडपं. तो वाकून बघत राहिला. जीपमधून कुणीतरी "चाल ना बे, कोर्टाची तारीख आहे" म्हणून ओरडलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवसापासून तो मोरीच्या अलीकडं छोटा हॉर्न देतो आणि मागं थांबतो. सगळ्या मोऱ्यांवर सगळ्या सायकलींसाठी थांबतो की नाही, ते मला माहीत नाही.

माझ्या रस्त्यावर रोजची अशी वीस-पंचवीस वाहनं आहेत. दुधाची गाडी, दोन एसट्या, चार-पाच जीपा, रेतीचे टिप्पर. रोज त्याच वेळी, शक्यतो त्याच रंगाच्या शर्टात निघा. जागा देणाऱ्याला प्रत्येक वेळी हात करा. चहाच्या ठेल्यावर भेटले तर बोला. महिन्याभरात तुम्ही "एक सायकल" राहत नाही, "कॉलेजचे बाबूजी" होता, आणि ओळखीच्या माणसाला कट मारायला हात अडखळतो. शिवी दिलीत तर तीही गावभर ओळखीची होते.

लागलंच तर

आधी रस्त्याच्या बाहेर या, मग सायकल. १०८ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. गाडीचा नंबर, रंग, कुठल्या दिशेनं गेली, लगेच कुणाला तरी मोठ्यानं सांगा. दोन माणसांनी ऐकलेला नंबर विसरत नाही. जखमीला मदत करणं आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणं ड्रायव्हरचं काम आहे. मदतीला आलेल्या माणसाला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४-अ त्यासाठीच आलं. "पोलिसाच्या भानगडीत कोण पडते" म्हणून लांब उभे राहणाऱ्यांना हे मोठ्यानं सांगा.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी भरपाई असते, हे आमच्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडं करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्याच्या पातळीवर होते. त्यासाठी पोलिसांत नोंद पाहिजे, दवाखान्याचे कागद पाहिजेत. म्हणून "थोडंसंच लागलं" म्हणून घरी जाऊन हळद लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा, कागद घ्या.

नियम आपल्यालाही लागू आहेत. भरधाव, बेफिकीर चालवण्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागतं, सायकलही त्यात आली. उलट बाजूनं येऊन शाळकरी पोराला धडकलात तर सायकलवाला म्हणून सुटका नाही.

सायकलचं बिल जपून ठेवा. फ्रेमचा नंबर सीटच्या दांडीजवळ नाहीतर पेडलच्या खुब्याखाली कोरलेला असतो. सायकल उलटी करून आजच त्याचा फोटो काढून ठेवा. मातीनं भरला असेल तर जुन्या ब्रशनं घासा, दिसतो.